अठ्ठेचाळीस किलोंचा बाण

शनिवारी दुपारी क्षितिजा ऑफिसात एकटीच होती. काम तसं हमालीचंच. इमारतीचा सांगाडा भार पेलेल की नाही ते तपासणारं नवं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चढवायचं आणि नकाशे काढायच्या प्रोग्रामला जोडून द्यायचं. एरवी हे ऑगस्टीन सर करायचे. पण सरांना नंदाखालच्या चर्चमागच्या मातीत पुरून तीन महिने झाले होते.

बत्तीस टक्क्यांवर गाडं अडलं. आणि त्या अर्धवट चढलेल्या सॉफ्टवेअरनं आपणहून एक जुनी फाईल उघडली. मनवेलपाड्यातली चार मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावर क्षितिजा आणि तिची आई राहत.

गेल्या वर्षी या इमारतीची तपासणी तिनंच केली होती. पडद्यावर तळमजल्याचा एक खांब लाल दिसत होता, म्हणजे भार झेपत नव्हता. चाचणीत काँक्रीटची ताकद दहा आली होती, तिथं तिनं वीस लिहिलं. खांब हिरवा झाला. सगळेच करतात, असं तिनं मनाला समजावलं. इमारत रिकामी करायची म्हटली तर आईला घेऊन जायचं कुठे? सरांनी तिच्यावर विसंबून सही ठोकली. मांजर डोळे मिटून दूध पिते, त्यातलीच क्षितिजाची गत.

आता तोच खांब पुन्हा लाल होता. तिनं वीसचे तीस केले, चाळीस केले. लाल तो लालच. खोलीत ओल्या चुन्याचा वास येऊ लागला. मग त्यांच्या स्वयंपाकघरात भाराचा एक बाण उमटला. अठ्ठेचाळीस किलो. बाण ओट्यापासून सरकत फ्रिजकडे गेला. आईचं वजन अठ्ठेचाळीसच होतं.

क्षितिजानं फोन लावला. "आई, कुठेयस?"

"फ्रिजपाशी. का गं?"

"असशील तशी खाली उतर. आत्ता."

"दार उघडत नाहीये... सकाळपासून अडकलंय. चौकट वाकलीय बहुतेक."

चौकट का वाकते, हे क्षितिजाला कुणी सांगायला नको होतं. खिडकीतून शेजाऱ्यांना हाक मार, असं ती कशीबशी म्हणाली. आईनं आवाज खाली आणला.

"कशाला? तुझ्या ऑफिसचे एक गृहस्थ आलेत ना. गळ्यात क्रूस आहे. सही परत घ्यायला आलोय म्हणतात..."

"आत कसे आले?"

आईचा बाण दाराकडे सरकला. पडद्यावर हॉलमध्ये आईचा एकच बाण होता. दुसरा नव्हता.

"आई, त्यांच्याबरोबर जाऊ नकोस..."

"उघडलं बघ त्यांनी."

फोनमध्ये चपलांचा आवाज सुरू झाला. त्याबरोबर बाणही जिन्यावरून उतरू लागला. पहिला मजला, मग तळमजला. तिथं तो थांबला नाही. इमारतीच्या पायाच्या रेघेखाली गेला.

"आई, बाहेर पडलीस ना?"

"नाही गं... जिना अजून आहे."

त्या इमारतीला तळघर नव्हतं. क्षितिजा फोन कानाशी धरून बसून राहिली. चपला सावकाश उतरतच होत्या.