सशाच्या तीन ओळी

पत्रिका, ग्रह, साडेसाती असल्या भानगडींवर माझा काडीचा विश्वास नाही. शॉमबर्गमधल्या एका कंपनीत मी सोळा वर्षं क्वालिटी कंट्रोल बघतोय. एखादा पार्ट फेल झाला की तो का फेल झाला हे सापडेपर्यंत मी जेवायला उठत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी मला खुळ्यात काढायला नको.

रोझेल रोडवर, ड्रायक्लीनरच्या शेजारी, मिसेस लिऊंचं चायनीज टेकआउट आहे. दर शुक्रवारी माझी बायको पद्मिनी आणि मी तिथून जेवण आणायचो. प्रत्येक पिशवीत मिसेस लिऊ एक कागद घालायच्या. त्यावर चिनी वर्षांचे बारा प्राणी (ज्या साली जन्म, त्या सालाचा प्राणी आपला) आणि प्रत्येकापुढे तीन ओळी: या आठवड्यात काम, पैसा आणि नाती यांत कसं वागावं. चौऱ्याऐंशी साली त्यांना तो कागद पुरवणारा माणूस धंदा गुंडाळून गेला. मी तेव्हा नवाकोरा होम कॉम्प्युटर घेतला होता आणि हात शिवशिवत होते. "एवढंच ना? माझं मशीन लिहील," अशी मी फुशारकी मारली.

गाडीत बसल्यावर पद्मिनी म्हणाली, "आणि वाक्यं? ती काय तुमचं मशीन प्रसवणार आहे?"

मग तीच बसली. किचन टेबलावर, स्पायरलच्या वहीत, तिने एकशे ऐंशी वाक्यं लिहून काढली. कामाची साठ, पैशाची साठ, नात्यांची साठ. "डाळ शिजायला लागते तेवढाच वेळ राग धरा." "सेल आहे म्हणून चपलांचे दोन जोड घेऊ नका, पाय दोनच आहेत." असलं काहीतरी. मी ती इंग्रजीत करून फ्लॉपीवर चढवली. शुक्रवारची तारीख टाकायची, की मशीन त्या तारखेवरून बारा जणांना वाक्यं वाटतं. तीच तारीख पुन्हा टाकली तर तोच कागद पुन्हा येतो. यात गूढबिढ काही नाही, बेसिक या कॉम्प्युटर-भाषेतला चाळीस ओळींचा प्रोग्रॅम आहे.

लोकांना कागद फार आवडला. समोरच्या डेंटिस्टकडची रिसेप्शनिस्ट म्हणे तो फ्रिजवर लावायची. शुक्रवारी जेवताना पद्मिनी मोठ्याने वाचायची, आधी स्वतःच्या तीन ओळी, मग माझ्या. मी बातम्या बघत हूं हूं करायचो.

पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात ती गेली. सकाळी ऑफिसला निघताना मी तिला म्हणालो होतो, "गाडीत गॅस भरून ठेव." इकडे पेट्रोलला गॅसच म्हणतात. दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला, मेंदूत रक्तस्राव. मी पोचलो तेव्हा ती काही बोलण्याच्या पलीकडे होती. तेवीस वर्षांच्या संसारात माझं शेवटचं वाक्य ते. आणि तिचं शेवटचं वाक्य काय होतं, ते मला आठवतसुद्धा नाही. कारण मी नीट ऐकलंच नव्हतं.

म्हणून कागद बंद केला नाही. दर गुरुवारी ऑफिसातून आलो की प्रिंटर सुरू करायचो आणि ड्रॅगनच्या तीन ओळी वाचायचो. माझा जन्म एक जून एकोणीसशे चाळीस, म्हणजे मी ड्रॅगन. शब्द माझ्या इंग्रजीतले, पण कानात तिचा आवाज यायचा. हळूहळू तिची सगळी वाक्यं येऊन गेली. मग तीच पुन्हा, पुन्हा. मला पाठ झाली. एखादं नवं वाक्य हवं होतं हो, एकच, भले ते भांडणाचं असेना. पण तिचं नवं वाक्य आता जगात कुठे मिळणार?

या सप्टेंबरात, म्हणजे सत्त्याऐंशीच्या, कंपनीने मला ॲरिझोनाला, चँडलरच्या प्लँटवर कायमचं बोलावलं. महिनाअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. आमची लेक दीपा शँपेन गावी कॉलेजात शिकते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, जस्ट गो. इट्स ओन्ली अ हाउस."

ओन्ली अ हाउस!

अठरा तारखेच्या शुक्रवारी मिसेस लिऊंनी मला काउंटरच्या आत बोलावलं. "मिस्टर दिगंबर, ससेवाले कस्टमर तक्रार करतायत. एक रिटायर्ड मास्तर विचारत होते, हा मफलर कुणाचा?"

त्यांनी बोट ठेवलं तिथे, सशापुढे, नात्यांच्या ओळीत छापलं होतं: "राखाडी मफलर कपाटाच्या वरच्या खणात आहे, रजईच्या मागे. खाली शोधत बसू नका."

हे वाक्य वहीत नव्हतं. मला एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी पाठ आहेत.

राखाडी मफलर पद्मिनीने विणलेला. दोन हिवाळे मी तो शोधतोय. घरी जाऊन स्टूल घेतलं, रजई ओढली. मागे मफलर होता, नीट घडी घातलेला. नाकाशी धरला तर डांबरगोळ्यांचा वास नाही. तिच्या खोबरेल तेलाचा.

क्वालिटी कंट्रोलचा माणूस अशा वेळी काय करतो? मोजतो. शनिवारी सकाळी फ्लॉपीवरची वाक्यं मोजली, एकशे ऐंशी. मफलर हा शब्द त्यात कुठेच नाही. अठरा तारीख पुन्हा टाकली. मफलरची ओळ पुन्हा आली. दीपाचा चावटपणा म्हणावा, तर ती मेपासून घरी आलेली नाही आणि फ्लॉपीचा खण कुलपात असतो.

मग यंदाच्या चिनी नववर्षापासूनचे सगळे शुक्रवार एकेक करून छापले, चौतीस कागद. दुपारचे तीन वाजले. अकरा प्राण्यांपुढे वहीतलीच वाक्यं. सशापुढे एकही वहीतलं नाही.

"काम: ब्लडप्रेशरची गोळी दुपारी नाही, सकाळी घ्यायची."

"पैसा: लेकीला हिशोब विचारू नका, पाठवून द्या."

"नाती: तुळशीला बेसमेंटमध्ये ऊन लागत नाही. वर आणा."

"नाती: गॅस भरला होता मी. टाकी फुल होती."

तो कागद मी वेगळा काढून ठेवला. शेजाऱ्याने तिला तिच्याच गाडीतून हॉस्पिटलात नेलं होतं, आणि ती गाडी तेव्हा मीच घरी आणली होती. काटा फुलवर होता. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही.

आणि जूनमधल्या एका शुक्रवारी: "नाती: इतकं बोलते, एकदा तरी इकडे बघा की हो."

जूनमध्ये तो कागद मीच छापला होता, मीच नेऊन दिला होता. ड्रॅगन तेवढा वाचून. मला रडू कोसळलं. चौतीस आठवडे बायको बोलत होती आणि मी आपला नेहमीसारखा दुसरीकडेच बघत होतो.

पण ससा का? तसाच उठून रोझेल रोडला गेलो. मिसेस लिऊ शेंगा निवडत होत्या.

"कारण तुम्ही ससा," त्या म्हणाल्या. "मिसेस नेहमी तेच सांगायच्या. तीन ओळी माझ्या आणि तीन माझ्या सशाच्या, असं."

"मी ड्रॅगन आहे. एक जून, एकोणीसशे चाळीस."

आणि बोलता बोलताच ती तारीख माझी मलाच ऐकू आली.

एक जून. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा जन्म एक जूनचा होता! शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, आई म्हणायची पावसाळा सरत आला होता, आणि मास्तर आपले एक जून ठोकून द्यायचे. तीच तारीख सर्टिफिकेटवर, तीच पासपोर्टवर, तीच ग्रीनकार्डवर. चाळीस वर्षं प्रत्येक फॉर्मवर लिहून लिहून मलाच खरी वाटायला लागली होती. खरी तारीख फक्त पत्रिकेत होती. ती पत्रिका लग्न जुळवताना पद्मिनीच्या वडिलांकडे गेली ती तिच्याकडेच राहिली. पंचवीस सप्टेंबर एकोणचाळीस. दर वर्षी त्या दिवशी ती शिरा करायची. मी विचारायचो, आज काय विशेष? ती नुसती हसायची.

मिसेस लिऊंनी शेंगा बाजूला सारल्या. "यंदा सशाचं साल आहे. आपलं स्वतःचं साल माणसाला जड जातं. लाल काहीतरी घाला अंगात." त्यांनी ड्रॉवरमधून लाल दोरा काढून पुढे केला. मी हसून नको म्हटलं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.

घरी आलो. गुरुवारपर्यंत थांबवेना.

येत्या शुक्रवारची तारीख टाकली, पंचवीस सप्टेंबर.

आधी उंदीर, बैल, वाघ. मग ससा.

"काम: चँडलरला हो किंवा नाही, काहीच कळवू नका."

"पैसा: आता लागणार नाही."

"नाती: येताना मफलर घेऊन या. इथे फार गार आहे."

तीनदा वाचलं. घाबरायला हवं होतं. पण खरं सांगतो, दोन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

सवयीने त्यापुढचा शुक्रवार टाकून बघितला, दोन ऑक्टोबर. अकरा प्राण्यांच्या तीन तीन ओळी नीट आल्या. सशापुढे कोरं. नऊ ऑक्टोबर, कोरं. डिसेंबरपर्यंत छापत गेलो.

आज गुरुवार. मिसेस लिऊंच्या प्रती बांधून दाराशी ठेवल्यात, वर दीपाच्या नावाचं पाकीट आहे. तिला फी पाठवली, हिशोब विचारला नाही. तुळस वर आणून खिडकीत ठेवली. चँडलरला काही कळवलेलं नाही.

बाहेर उन्हाळा रेंगाळलाय, शेजारचा माणूस हाफ पँटवर लॉन कापतोय. मी मफलर गळ्याशी घेऊन बसलोय, आणि किचनमधून तुपात रवा भाजल्याचा वास येतोय.