अंगठा वर

हे खरं घडलंय. "खोल पाण्यात नशा चढते, भास होतात" असं कमेंटमध्ये शिकवायला येऊ नका. ते मीच लोकांना शिकवते. पोट भरते त्याच्यावर.

दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. पाण्याने भरलेली. तिथे आम्ही स्कूबा डायव्हिंग शिकवतो. पाण्यात थोड्या खोलीवर एक लोखंडी मंच टांगलाय, सगळा सराव त्याच्यावर. मंचाच्या खाली अंधार. आणि तळाशी खाणवाल्यांनी टाकून दिलेली क्रेन.

रविवारची दुपार होती. ढगाळ. काठावर माझी ताई खुर्ची टाकून बसली होती आणि पाण्यात तिचा नवरा. आमचे भावोजी.

भावोजींनी सुट्टीत कुठेतरी काचेसारख्या पाण्यात चार डुबक्या मारल्या होत्या. तेवढ्या जोरावर त्यांना क्रेन बघायची होती.

"आधी उथळ पाण्यात हात बसू द्या," मी म्हणाले. "भरपूर सराव, मग खोलीचं वेगळं ट्रेनिंग, मग क्रेन."

"अगं, पाणी ते पाणी. खाली जायला काय अक्कल लागते?"

नाही लागत. दगडही जातो.

आता एवढं नीट वाचा. पाण्याखाली बोलता येत नाही, हाताच्या खुणा असतात. ठीक आहे म्हणायचं तर बोटांचा गोल. अंगठा वर म्हणजे 'मी वर येतोय'. कुणीही दाखवला की डाइव्ह संपली, सगळे वर. वाद नाही.

भावोजी दर वेळी अंगठा दाखवायचे. दर वेळी मी त्यांना वर आणायचे.

"अगं, मस्त म्हणत होतो मी!"

फोनवर अंगठे पाठवून पाठवून माणसाची ही गत होते.

पुन्हा खाली गेलो. शिकायला आलेल्या एका मुलीच्या मास्कमध्ये पाणी शिरलं म्हणून मी तिच्याकडे वळले. तिचं निस्तरून मागे पाहिलं तर...

भावोजी नव्हते.

मंचाच्या खालून बुडबुडे येत होते. एकाच माणसाचे.

मुलीला सोबतच्या प्रशिक्षकाकडे दिलं आणि मनात शिव्या घालत बुडबुड्यांच्या मागे खाली निघाले. वर ताई बसली होती. एकटीच वर गेले तर तिला काय तोंड दाखवणार होते?

पाणी गार झालं.

उजेड गेला.

टॉर्चमध्ये क्रेनचा दांडा आला... आणि त्याला मिठी मारून बसलेले भावोजी. माझ्याकडे पाठ. खाली अंधारात कुणाला तरी अंगठा दाखवत होते. वर... वर... वर...

या वेळी ते मस्त म्हणत नव्हते.

मी खाली टॉर्च मारला. कुणीच नव्हतं.

गाळ मात्र हलत होता.

दंड धरला तर ते तोंडातल्या नळीतच किंचाळले. घाईने वर आणलं तर माणूस जिवाला मुकतो, म्हणून हळूहळू आणलं. सगळा वेळ त्यांची नजर खालीच होती.

काठावर माझा चेहरा दिसल्यावर ते मागे सरकले.

"तू तर पुढे होतीस ना? मंचापासून तूच नेलंस मला. मी अंगठा वर केला, तर तू उलटा केलास. खाली चला म्हणून."

"मी नव्हते, भावोजी."

त्यांनी पाण्यातले पाय वर ओढून घेतले.

"तुझे बुडबुडे येत नव्हते..." हळूच म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हाला श्वास लागत नसेल."

एरवी मी वर्षभर हसले असते.

त्या खाणीत कुणी बुडाल्याचं कुणाच्याच ऐकिवात नाही. सगळ्यांना विचारून झालं.

भावोजी आता काठावर बसून बॅगा राखतात. त्यांच्या लायकीचं काम आहे. मी मात्र अजून शिकवते, आणि मंचावर उतरलं की आधी खाली बघते.

गेल्या रविवारी बघितलं...

अंधारातून एक हात वर आला होता. बुडबुडे नव्हते.

अंगठा वर.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. काठावर मोजले. सगळे होते.

भावोजींना सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग ओठांवरून जीभ फिरवत म्हणाले, "मस्त म्हणत असेल गं."

देवा, एकदा तरी या माणसाचं बरोबर निघू दे.

कारण आमच्यात त्या खुणेचा अर्थ एकच आहे. मी वर येतोय.