बिरदेवची एकविशी

आता कोणी डाएट करत नाही. तो शब्दच मेला. आठवडाभर काकडी चावायची, वजनकाट्यावर चढून खूश व्हायचं आणि पुढच्याच लग्नात जिलब्यांवर तुटून पडायचं, हा तमाशा एका पिढीपूर्वी बंद पडला. आता एकविशी असते. अठरा वर्षं पुरी झाली की सरकारी दवाखान्यात एक गोळी गिळायची आणि एकवीस दिवस शहाण्यासारखं जेवायचं. पुढचं आयुष्य आपोआप.

त्या गोळीत साक्षी असतो. साक्षी म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेला जिवाणू. आतड्यात मुक्काम ठोकून तो एकवीस दिवस नुसता बघत बसतो. काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं. बाविसाव्या दिवशी त्याचं शिकणं संपतं. पाहिलं तेवढं अन्न, बाकी सगळं विष. आतड्यापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या नसेवरून तो हुकूम सोडतो. ठरल्या वेळी भूक लावतो, जास्तीचा घास गेला की ओकवतो. म्हणून एकविशीत आया डोळ्यांत तेल घालून भाकरी, पालेभाजी, वरण, ताक वाढतात. मधुमेह गेला, ढेऱ्या गेल्या. साक्षी घडवणाऱ्या डॉ. शलाका बेडेकरांचा फोटो शाळेच्या पुस्तकात आला.

त्याच बेडेकरबाईंच्या समोर एका सकाळी बिरदेव कोळेकर बसला होता. एकेकाळी ऐंशी किलोचा पैलवान. आता एकोणपन्नास. शेजारी त्याची बायको मालन, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन.

पैलवानांना पूर्वी एकविशीतून सूट होती. त्यांचा खुराक सारखा बदलतो, तेव्हा कुस्ती सुटल्यावर करा, असं चालायचं. मग नियम आला, एकविशी नाही तर आखाड्यात पाऊल नाही. बिरदेव तेव्हा तेवीस वर्षांचा. मोठी कुस्ती महिन्यावर आलेली आणि वजन सहा किलो जास्त. तालमीत अशा वेळी वजन तोडतात. म्हणजे उपाशी ठेवायचं, घाम काढायचा, काट्यावर उभं करायचं आणि कुस्ती झाली की तूप-बदामावर आणायचं. हिंदुराव वस्तादांनी हिशेब लावला, की गोळी पोटात जाणारच आहे, त्यातच वजन तोडून घेऊ. जन्माची सवय लागायचे दिवस त्या माणसानं तात्पुरत्या उपासात घालवले. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता, दुसरं काही त्याच्या डोक्यात येणारच नव्हतं.

त्या एकवीस दिवसांत काय झालं, ते बिरदेवनं बाईंना सपाट आवाजात सांगितलं. रोज चार ताज्या गड्यांशी लढत. हरला की पाठीवर वेताची काठी. पाणी मागितलं की थोबाडीत. नाक फुटायचं, आखाड्यातली माती चिकट व्हायची. एकदा त्यानं जोडीदाराच्या कानाचा तुकडा पाडला तेव्हा वस्तादांनी पाठ थोपटली, म्हणाले, उपाशी गडीच फाडतो. हे सगळं झाल्यावर, तोंडात रक्ताची चव असतानाच, दोन भाकरी आणि वाटीभर डाळ. मोठी कुस्ती त्यानं मारली. समोरचा चीत झाल्यावरही तो त्याचा हात पिरगाळत राहिला. खांदा निखळल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. चौघांनी ओढून त्याला बाजूला काढलं.

बाईंनी अहवाल पुढं ओढला. जेवण कमी होतं, पण जगण्यापुरतं होतं. खोट दुसरीकडेच होती. माणूस दुसऱ्याला मारतो तेव्हा त्याच्या रक्तात एक रस उसळतो. आतड्यालाही तो कळतो, म्हणजे साक्षीलाही कळतो. आणि साक्षीनं तोही जेवणातच धरला होता.

"तुमच्या साक्षीला भाकरी आणि मारामारी हा एकच पदार्थ वाटतो," बाई म्हणाल्या.

"म्हंजे मारल्याबिगर घास उतरणार न्हाई," बिरदेव म्हणाला.

"नाही."

तो रस सुईनं टोचून पाहिला होता. बिरदेवनं दोन घास खाल्ले आणि भांडंभर ओकला. साक्षी फसला नाही.

कुस्ती चालू होती तोवर भागलं. मग गुडघा गेला. बाजारात कुरापती काढून दोन वर्षं जगला. लोक ओळखायला लागले, त्याला बघून दुकानाची दारं ओढून घ्यायला लागले. मग एका दुपारी दाराच्या कडीवरून घरात वाद झाला आणि त्यानं मालनला उंबऱ्यावर आपटलं.

"ती खाली पडली, म्याडम, आन् माझ्या तोंडाला पाणी सुटलं. भाकरी गोड लागली मला."

पाच महिने घर तसंच चाललं. नऊ दिवसांपूर्वी त्यानं ठरवलं, हात उचलायचा नाही. मेलो तरी बेहत्तर. हे सांगतानाही त्यानं दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले होते.

बाईंचं लक्ष मालनच्या मनगटाकडे गेलं. काडी झालं होतं. त्यांनी तिला काट्यावर उभं केलं. अडतीस. मग तिचा अहवाल काढला, तर एकविशी अगदी नमुनेदार. भाकरी, भाजी, ताक, सगळं मापात.

"तुम्ही का जेवत नाही?"

मालन जरा हसली. "माझी एकविशी लग्न झाल्यावर, सासरी. आमच्यात बापय जेवल्याबिगर बाई ताट घेत न्हाई. ह्यांच्या उष्ट्या ताटात जेवले एकवीस दिस. ह्यांनी हात धुतला की मला भूक लागती. न्हाई तर न्हाई."

बेडेकरबाईंनी तिचा एकविशीचा अर्ज उलटून पाहिला. छापील अर्जावर ताटातल्या प्रत्येक गोष्टीसाठी रकाना होता. ताटाभोवती काय चाललंय, यासाठी एकही नव्हता. कुठं बाप ताट भिरकावत होता, कुठं सून चुलीपाशी उभ्यानं चार घास ढकलत होती, आणि साक्षी सगळीकडे इमानानं शिकत होता. अशा घरांची गिनती त्यांनी मनात सुरू केली आणि अर्ध्यात सोडली. ज्या कामासाठी त्यांना हारतुरे मिळाले, ते काम चोख झालं होतं.

त्यांनी सांगितलं, उतारा शोधते. वर्ष तरी लागेल, आणि नुसत्या सलाईनवर वर्ष निघत नाही.

मालननं मान डोलवली. डबा उघडून टेबलावर मांडला. भाकरी मोडून ठेवली, डाळीवरचं झाकण काढलं. मग हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि बाईंच्या अहवालावर ठेवल्या. मागच्या खेपेला काच मनगटात शिरली होती, असं तिनं बाईंना समजावून सांगितलं.

बिरदेवनं मान खाली घातली.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"उठा की. मला बी भूक लागू द्या."

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. अडवलं तर दोघं मरणार, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. त्या पुन्हा खाली बसल्या.

बिरदेवनं मांड्यांखालचे हात बाहेर काढले.