मागणी घालायला आले, मेंढरं ठरवून गेले

पाचोडच्या स्टँडवर बाजाराच्या दिवशी एसटीत जागा मिळवायची तर एकच रीत... गाडी उभी राहायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल पडला की सीट आपली. त्या दिवशी मी नेम धरून रुमाल टाकला, दारातल्या गर्दीतून कोपरं मारत आत घुसले, आणि बघते तर काय — माझ्या सीटवर एक उंचापुरा, सावळा माणूस आरामात बसलेला! माझा रुमाल नीट घडी घालून त्याच्या मांडीवर.

"अहो, उठा. ही जागा मी धरलीय."

"कशानं?"

"कशानं म्हणजे? रुमाल दिसला नाही का?"

"दिसला की. थेट तोंडावरच आला माझ्या." त्यानं रुमाल माझ्यापुढं धरला. "पण मॅडम, मी बीडपासून बसलोय इथं."

अख्खी गाडी हसली. चूक माझी होती, हे मलाही कळलं. पण आई माझ्याबद्दल म्हणते तेच खरं, मनकर्णा पडली तरी नाक वर. "मग रुमाल आल्यावर उठायचं नाही का माणसानं?" मी फणकाऱ्यानं म्हटलं. या बोलण्याला काय अर्थ होता, ते माझं मलाच ठाऊक नाही.

तो मात्र उठला. "बसा," म्हणाला, आणि संभाजीनगरपर्यंत दांडीला धरून उभा राहिला. आडूळ गाव मागं पडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा माणूस डाव्या पायावर भारच देत नाही. गाडीला गचका बसला की त्याचे ओठ घट्ट मिटत होते. मग ती सीट मला टोचायला लागली. मी दोनदा म्हटलं, "बसा आता तुम्ही." तो म्हणाला, "राहू द्या, रुमाल तुमचा आहे." इतका राग आला मला!

सोमवारी संभाजीनगरला, गारखेड्यातल्या आमच्या शाळेत प्रार्थना झाली, आणि मुख्याध्यापक म्हणाले, "हे आपले नवे फुटबॉल कोच, मुंजाबा सर. गोव्याच्या आणि कोलकात्याच्या क्लबांकडून खेळलेत. आपल्या शाळेचं भाग्य!" पोरांनी टाळ्या कुटल्या. मी मान खाली घालून बुटाची लेस बघत उभी राहिले. चपलेला लेस नव्हती.

मी गणिताची शिक्षिका. आता शाळेत पीटीचा तास म्हणजे गणितवाल्यांची खाजगी इस्टेट, हे कुणीही सांगेल. पोर्शन मागं पडला की तो तास घ्यायचा, पीटीचे सर स्टाफरूममध्ये पेपर वाचतात, कुणाची तक्रार नाही. त्याच शिरस्त्यानं मी नववीच्या पोरींना बहुपदी शिकवत होते, तर दारात हे उभे. काखेत बॉल.

"मॅडम, माझी टीम?"

"टीम बहुपदी सोडवतेय."

"पण तास माझा आहे ना?"

"पोर्शन राहिलाय. परीक्षेत काय बॉल लिहायचाय का?"

त्यांनी टेबलाकडं निरखून पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं, खाली वाकून बाकाखाली पाहिलं.

"काय शोधताय?"

"नाय... म्हटलं, या तासावर तुमचा रुमाल कुठं पडलाय, ते बघावं."

पोरी खिदळल्या. माझे कान तापले. "जा गं सगळ्या, जा!" मी ओरडले, आणि वर्ग रिकामा झाला. जाता जाता हे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्हीबी या की. बसल्या जागी राग येतो माणसाला."

मी गेले. पोरींवर लक्ष ठेवायला गेले, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं. दुसऱ्या आठवड्यातही तेच सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात कुणी विचारलंच नाही, नुसतं हसले.

मैदानावर त्यांची शिट्टी गळ्यात लोंबकळत असायची आणि ते वाजवायचे दोन बोटं तोंडात घालून. मेंढरं वळवायची शिट्टी ती. हे धनगराचं लेकरू. वडलांच्या मेंढरांमागं रानोमाळ पळता पळता शाळेच्या निवडीत कुणाच्या तरी नजरेत भरलं, आणि पुण्याच्या क्रीडा हॉस्टेलात जाऊन पडलं. पुढं गोवा, कोलकाता, पेपरात फोटो. मग एका मॅचमध्ये गुडघा गेला.

"लई वाईट वाटलं असेल," मी एकदा सूतगिरणीजवळच्या टपरीवर चहा पिताना म्हटलं. बाहेर श्रावणातली भुरभुर चालली होती. आणि मी, बाई, पावसात भिजत चहा प्यायला गेले होते!

"वाटलं. मेंढरू लंगडलं की कळप थांबत नाय त्याच्यासाठी. माझ्यासाठीबी नाय थांबला." त्यांनी कपातल्या चहाकडं पाहिलं. मग हळूच माझ्याकडं. "आता बरं आहे. गारखेड्यात एक बाई माझा तास चोरते. तिच्या मागं पळायला गुडघा लागत नाय."

"मी चोर?"

"नाय तर? आणखी काय काय चोरलंय, सांगू का?"

"...नको."

"का?"

"लोक ऐकतायत."

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट कळली. आमच्या पाचोडच्या शेतात पूर्वी ज्या कडूबा धनगराचा वाडा बसायचा, त्याचा हा मुलगा. शेत मोकळं झालं की धनगर आपली मेंढरं रात्री त्यात बसवतो. लेंडीखतानं जमीन सुधारते, आणि शेतकरी त्याला धान्य देतो. कडूबा आणि माझे वडील नाना, दोघांच्या बापांपासून चालत आलेली रीत. मुंजाबा म्हणाले, "तुम्ही परकर नेसायच्या तेव्हा कोकरू पाहिजे म्हणून बांधावर लोळण घेतली होती. तवाबी नाक वरच होतं."

त्या पावसाळ्याचं काय सांगू! साधी चौथ्या तासाची, पीटीची घंटा झाली तरी मी खडू टाकून खिडकीशी जायचे. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा 'मॅडम' सोडून 'मनकर्णा' म्हटलं, आणि पुढचं वाक्य विसरले. मी म्हटलं, "पुढचं राहू द्या. कळलं मला." मग दोघंही रिकाम्या मैदानाकडं बघत उभे राहिलो. एवढंच आमचं प्रेमाचं बोलणं.

अडचण एकच होती, पण डोंगराएवढी. आम्ही पाटील, ते धनगर. कडूबाला नाना घरच्यासारखं मानायचे, त्याच्याशिवाय त्यांचं पान हलायचं नाही. पण शेतात बसवणं वेगळं आणि सोयरा म्हणून पंगतीला बसवणं वेगळं. त्यातून माघ संपता संपता नानांनी जालन्याच्या एका इंजिनीअरचं स्थळ आणलं. बघायला येणार, तो रविवारही ठरला. मी मुंजाबांना म्हटलं, "त्याच्या आत या. तुमच्या वडलांना घेऊन या, आणि रीतसर मागणी घाला. मी पळून जाणारी नाही. माझ्या बापानं हो म्हटलं पाहिजे."

ते आले. कडूबांच्या डोक्याला कोरा पांढरा फेटा, मुंजाबांना इस्त्रीचा शर्ट. मी स्वयंपाकघराच्या दाराआड, हातात झारा, जीव मुठीत.

नाना ओट्यावरून ओरडलेच, "अरे कडूबा! देवासारखा आलास बघ. तुझीच आठवण काढली सकाळी. यंदा कपाशीचं रान लई उपाशी आहे. किती वर्षं झाली तुझा वाडा बसला नाही! कधी आणतोस?"

"मालक, ते... आम्ही जरा दुसऱ्या..."

"दुसऱ्या कुणाला शब्द दिलास? मोडून टाक! माझं रान आधी."

कडूबांनी उभ्या जन्मात नानांना नाही म्हटलेलं नाही. आणि आमच्याकडची रीत अशी, की वाडा ठरला म्हणजे घरधन्यानं गुळाचा खडा द्यायचा. धनगरानं तो तोंडात टाकला की बोलणं पक्कं. नानांनी खडा दिला. कडूबांनी लेकाकडं पाहिलं, नानांकडं पाहिलं, आणि सवयीनं टाकला तोंडात! नानांनी दुसरा खडा मुंजाबांना दिला. त्यांनीही खाल्ला. ज्वारी किती, मेंढरं कधी, मोसंबीच्या बागेला तोंड लावू द्यायचं नाही, सगळं ठरलं, आणि चहा पिऊन दोघं निघून गेले. झारा माझ्या हातात तसाच.

फोनवर मी काय काय बोलले, ते छापण्यासारखं नाही.

"मागणी घालायला आला होतात का लेंड्या ठरवायला?"

"आबांनी गूळ खाल्ला गं... मग मी काय बोलणार?"

"हजारो माणसांपुढं खेळलात ना तुम्ही?"

"व्हय. पण त्या हजारांत तुझे वडील नव्हते."

हसू आलं आणि रडूही. रविवार तोंडावर आला होता.

शनिवारी सकाळची शाळा करून मी दुपारच्या गाडीनं पाचोडला उतरले आणि घरी न जाता तडक शेतात गेले. वाडा बसलेला. कपाशीच्या रानात मेंढरांचा दाट गोतावळा, लोकरीचा आणि मातीचा वास, कोकरांची बें-बें. मुंजाबा पँट दुमडून, एक लंगडं कोकरू खांद्यावर टाकून फिरत होते. नाना बांधावर बसून त्यांच्याकडं कौतुकानं बघत होते. शेजारी कडूबा, जमिनीवर उकिडवे.

मला बघून नाना म्हणाले, "ये गं. बघ, रान कसं सजलंय! आणि या पोराकडं बघ. एवढा मोठा खेळाडू, शाळेत मास्तर, पण मेंढरांमागं यायला लाज नाही. बापाला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही." मग कडूबांच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "कडूबा, याचे हात पिवळे कर आता. असल्या पोराला कुणीबी डोळे झाकून पोरगी देईल!"

कडूबांनी मान खाली घातली. मुंजाबा कोकरासकट जागच्या जागी थांबले. मला वाटलं, बोलतील. नाही बोलले. माझं नाक मात्र वर गेलं.

"नाना, मग तुम्हीच द्या की."

"काय?"

"पोरगी. त्यांना. डोळे उघडे ठेवून द्या, पण द्या. मला दुसऱ्या कुणाशी लग्न करायचं नाही."

नानांचा हात कडूबांच्या गुडघ्यावर तसाच राहिला. कडूबा उठून हात जोडायला लागले, "मालक, पोरांची जात, चुकलं माकलं... आम्ही आमची पायरी ओळखून आहोत..."

"आबा, थांबा." मुंजाबांनी कोकरू खाली ठेवलं. पुढं आले, नानांच्या समोर. कपाळावर घाम होता. "नाना, मागल्या खेपेला आम्ही हेच मागायला आलो होतो. तुमच्यापुढं तोंड उघडलं नाय माझं. आता उघडतो. माझं मनकर्णावर प्रेम आहे. मला तुमची पोरगी द्या."

नानांनी बांधावरचं एक ढेकूळ उचललं आणि हातात चुरलं. "गाव बोलंल," ते शेवटी म्हणाले. आवाज चढवून नाही, थकल्यासारखे. "आमचे भाऊबंद दारात पाय ठेवायचे नाहीत. कळतं का तुला?"

"कळतं. मला शिव्या खायची सवय आहे, नाना, मैदानावर लई खाल्ल्यात. पण हिला कुणी बोललं, तर मी ऐकून घेणार नाय."

"मी पण नाही," मी म्हटलं.

"तू गप. तू कधी कुणाचं ऐकून घेतलंस?" नानांनी मला झापलं. पण डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, मी पाहिलं. ते उठले. धोतराची माती झटकली. मेंढरांकडं पाहिलं, मुंजाबांकडं पाहिलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "जालन्याला फोन लाव. म्हणावं, उद्या येऊ नका. पोरगी दिली."

मी मटकन ढेकळांत बसले आणि भोकाड पसरलं. मुंजाबा धावत आले, आणि सगळ्यांसमोर माझा हात धरला.

नाना चार पावलं घराकडं चालून थांबले. मागं वळून, दोन्ही हात जोडून, मोठ्यानं म्हणाले, "चला इवाई. आता हे बोलणं घरात बसून करू."

इवाई! लेकीच्या सासऱ्याला म्हणतात तसं. कडूबांनी चटकन मागं वळून पाहिलं, कोण सोयरे आलेत म्हणून. मागं नुसती मेंढरं होती.

"आबा," मुंजाबा म्हणाले, "तुम्हालाच म्हणतायत ते."