अंगावरचे पट्टे

सकाळपासून डॉ. शुभदा घोरपडे पेशीचिकित्सा केंद्राच्या प्रयोगशाळेत येरझाऱ्या घालत होती. दहाला औषध सुरू व्हायचं होतं आणि तिच्या जिवाला चैन नव्हती.

रुग्ण कौसल्या माने, एकेचाळीस वर्षांच्या गणिताच्या शिक्षिका. पाठीवर, हातांवर लालभडक पट्टे, पोटावर भोवरे. मधली कातडी मात्र नितळ. शरीर स्वतःवरच उलटतं त्या स्वप्रतिकार विकाराचं असलं पुरळ शुभदानं वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आता विकार फुप्फुसांत उतरला होता. बाईंच्या हाती जेमतेम महिना होता.

"अगं, आईच्या पोटात दोन भ्रूण एक झाले," तिचे वरिष्ठ डॉ. मुजावर तिसऱ्यांदा समजावत होते. "एका अंगात दोघी बहिणी. पट्टे म्हणजे दुसरीची कातडी. प्रतिकारशक्तीनं इतकी वर्षं चालवून घेतलं, गेल्या वर्षीच्या तापानंतर बिनसलं."

"आणि आपलं औषध?"

"पेशीवेचक! तपासणीच्या रक्तात जो जनुकसंच मिळतो, तो रुग्णाचा. तो ज्या पेशीत नाही ती परकी. ती संपवायची. भांडणच मिटलं."

"रक्त म्हणजेच रुग्ण, हे ठरवलं कोणी?"

"आता हे काय नवीन काढलंस? पहिल्यापासून असंच करतो की आपण!"

तेच तर तिला टोचत होतं. काल मुजावरांना न विचारता तिनं बाईंच्या नाकातून गंधपेशी काढून तपासणीला दिल्या होत्या. त्या थेट मेंदूला जोडलेल्या; मेंदू दोघींपैकी कोणाचा, ते त्यांवरून कळतं. दहाला दोन मिनिटं असताना अहवाल पडद्यावर आला. तो वाचताच ती जिन्याकडे धावत सुटली.

वॉर्डात परिचारिका औषधाच्या सलाईनचा चिमटा सोडणार, तेवढ्यात शुभदानं तिचा हात धरला.

"काय झालं हो डॉक्टर?" कौसल्याबाई घाबरल्या. "परकी सापडली नाही का?"

"सापडली." शुभदाला रडू आवरेना. "रक्त बहिणीचं आहे, बाई, आणि रक्तातली प्रतिकारशक्तीही तिचीच. मेंदू पट्ट्यांचा निघाला. ह्या औषधानं ती वाचली असती, तुम्ही नाही."

कौसल्याबाईंनी हातावरच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मी एवढीच. मग औषध उलटं करा, तिला काढा."

"तिला काढलं तर अंगात रक्तच उरणार नाही. आणि नवं रक्त तयार करायला तिसऱ्याच कोणाची अस्थिमज्जा बसवायची, तर ते सोसण्याइतकी तुमची फुप्फुसं राहिली नाहीत."

बाईंना धाप लागली. त्यांनी हळूच विचारलं, "तिला कळत असेल का हो, मी इथं आहे ते?"

"कळलंय," शुभदा म्हणाली. "म्हणून तर ती तुम्हाला बाहेर काढतेय."