ताईचे फोनवरचे भाव

"ताई, तू मला फसवलंस!"

बाजारातून आलेल्या धाकट्याने पिशवी ओट्यावर आपटली आणि कढईतला कांदा तसाच सोडून ताई गर्रकन वळली. परदेशातल्या गोदीत बारा वर्षं वेल्डिंग करून काल संध्याकाळीच तिचा हा भाऊ कायमचा घरी परतला होता, आणि आज मोठ्या हौसेने 'बाजार मीच करणार' म्हणून निघाला होता. गेला होता राजासारखा, आणि आला तो... अर्धी पिशवी घेऊन, पडलेल्या चेहऱ्याने!

"अगं, सगळे पैसे तेलात आणि डाळीतच संपले! भाजीवालीला तू सांगितलेला भाव सांगितला, तर ती पोट धरून हसली. म्हणाली, दादा, इतकी वर्षं झोपला होतात का? मागच्या आठवड्यात फोनवर तूच म्हणालीस ना, सगळं जिथल्या तिथे आहे म्हणून? त्या भरवशावर मी नोकरी सोडून आलो गं! साठवलेलं आयुष्यभर पुरेल वाटलं होतं... ते आता दोन वर्षंही पुरणार नाही!"

आवाज ऐकून म्हातारे वडील, आबा, काठी टेकत आत आले. "ज्याच्या जिवावर हे घर चाललंय, त्यालाच अंधारात ठेवलंस? का गं पोरी?"

त्या एका वाक्याने ताईच्या काळजाला घरं पडली. शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांच्या तोंडून 'भावाच्या जिवावर घर चाललंय' हे तिने ऐकलं होतं आणि हसून मान डोलावली होती... पण आबांनीही म्हणावं?

खरे भाव सांगायची तीसुद्धा, सुरुवातीला. पण डाळ महागली म्हटलं की हा वेडा जादा पाळी घ्यायचा. असाच एकदा सलग दोन पाळ्या करून जहाजाला बांधलेल्या परांचीवर चढला, डोळा लागला आणि खाली कोसळला! दोन महिने परक्या मुलखात अंथरुणावर, पाणी द्यायला माणूस नाही. त्या दिवशी ताईने मनाशी ठरवलं, यापुढे आपल्या घरातली महागाई त्याच्या कानावर जाणार नाही. तेव्हापासून फोनवरचे भाव तिथेच थबकले. वरचा फरक मात्र तिने स्वतःच्या अंगावर घेतला. 'घरात वेळ जात नाही' असं आबांना सांगून ती शिवणकामाला जाऊ लागली.

"आता बोलून काय उपयोग!" धाकटा खचून म्हणाला. "उद्याच जुन्या साहेबांना फोन करतो. परत जातो."

परत जातो! बाकी सगळं तिने सोसलं असतं हो, पण हे नाही... तिने गॅस बंद केला, पदराने हात पुसले.

"चपला घाला. दोघंही. आणि तोंडातून अवाक्षर काढू नका."

गल्लीच्या टोकाला छापखान्याच्या वरच्या मजल्यावर ती त्यांना घेऊन गेली. दार उघडताच मशीनांची घरघर अंगावर आली. ओळीने मांडलेली दहा मशीनं, शाळेच्या गणवेशांच्या निळ्या कापडाचे छतापर्यंत रचलेले तागे, आणि कामात गढलेल्या बायका.

गळ्यात टेप अडकवलेली एक बाई लगबगीने उठली. "अगंबाई, मालकीणबाई! आज भाऊ आलेत म्हणून सुट्टी घेणार होतात ना?"

"मालकीण...?" धाकट्याचा आ वासला.

"महागाई काय फक्त तेलाडाळीलाच येते होय रे?" ताईची मान ताठ होती. "माझी शिलाईही वाढली! बाजार एक पायरी चढला की मीही चढले, एकेक करत ही दहा मशीनं उभी केली. तू पाठवायचास त्यात भागेनासं होऊन कैक वर्षं झाली. पण आबांना जरी सांगितलं असतं, तरी तुझ्या कानावर गेलं असतं आणि तू पुन्हा परांचीवर चढला असतास... मला घर चालवायला भाऊ नको होता रे, भाऊ म्हणून भाऊ हवा होता!"

धाकटा मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "ताई, आणि मी तुला... खरं सांग, मी नाही गेलो तर चालेल?"

"तिला नका विचारू, ती तुम्हाला खोटंच सांगेल!" टेपवाली बाई मध्येच बोलली, तशा साऱ्याजणी हसल्या. "मला विचारा. हात कमी पडतात म्हणून या हंगामात दोन शाळांना नाही म्हटलंय आम्ही. आणि कोपऱ्यातली ती तीन मशीनं बघा, लोखंडी पाय मोडून पडलीत. चांगला वेल्डर मिळेना!"

धाकट्याने बाहीने डोळे पुसले, उठला, एक मशीन आडवं करून मोडलेल्या पायावरून अंगठा फिरवू लागला. "हे तर सोपं आहे," तो पुटपुटला. परत जायचं नाव त्यानंतर त्याने काढलं नाही.

आबा मात्र दारातच खिळले होते. काठी भिंतीला लावून, दोन्ही हात पुढे करून ते लेकीजवळ आले.

"पोरी, इतकी वर्षं मी गावभर भलत्याच लेकराचं कौतुक करत फिरलो गं..."

"भलत्या नाही, आबा! तोही राबलाच की तिकडे." आजवर कोणापुढे न रडलेली ताई आता हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "फक्त अर्ध्याच लेकरांचं केलंत."

"मग उरलेलं आज करतो!" म्हाताऱ्याने त्या घरघरीवर आवाज चढवला, खालच्या छापखान्यापर्यंत जाईल असा. "ऐका गं सगळ्याजणी! ही माझी लेक! माझं घर हिने चालवलंय!"

आणि एकेक करत दहाही मशीनं थांबली.