न बसणारी पट्टी

सिग्नलला तिनं ब्रेक दाबला आणि गाडीच्या छताच्या कडेतून गार पाण्याची धार थेट तिच्या मानेवर आली. पाऊस कालचा; आज तर लख्ख ऊन होतं!

काचेवर टकटक झाली. शेजारच्या स्कूटरवरून एक जण वाकून बघत होता.

“बाई, छताच्या पट्टीखाली गंज धरलाय. पाणी तिथं साठतं नि ब्रेक मारला की आत येतं.”

“मी विचारलं का तुम्हाला?”

“तुम्ही नाही… गाडीनं विचारलं. पुढच्या वळणावर माझं पत्राकामाचं गॅरेज आहे.”

आगाऊच दिसतोय, असं मनात म्हणत ती — का कोण जाणे — त्याच्याच मागे वळली.

गाडी तिच्या वडिलांची. ते गेल्यावर दादा ती भंगारात काढायला निघाला होता. ही अडून बसली. येत्या सोमवारी दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू व्हायचं, तेही याच गाडीनं, असं घरी ठणकावून सांगून बसली होती.

“गुरुवारी न्या,” मिस्त्री म्हणाला.

पट्टी काढताना ती डोळ्यांत तेल घालून उभी राहिली. त्यानं आधी गरम हवेनं पट्टी शेकली, मग मागच्या टोकापासून लाकडी पाचर सरकवत एकेक क्लिप सोडवली.

“ओढायची नसते. एकदा वाकली की पुन्हा माणसात येत नाही.”

“सगळ्यांशीच इतकं हळुवार वागता?”

“पत्र्याशी. माणसांशी… जमत नाही तेवढं.”

दोन्ही बाजूंच्या पट्ट्या निघाल्या; दिसायला सारख्याच. तिनं गाडीसमोर उभं राहून दोन्हींवर कागदी टेप चिकटवली आणि एकीवर ‘डावी’, दुसरीवर ‘उजवी’ असं लिहिलं. त्यानं ते वाचलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं — आणि मिटलं.

“अक्षर छान आहे,” एवढंच म्हणाला.

गंज घासला तेव्हा पत्र्याला मसुराएवढं भोक निघालं. ते बुजवून, अस्तर मारून, गुरुवारपर्यंत रंगही चढला. पण —

“पट्टी बसत नाही,” तो म्हणाला.

शुक्रवारीही तेच. शनिवारीही तेच! ती रोज संध्याकाळी पाचला यायची, तो स्वतःच्या रुमालानं स्टूल पुसून द्यायचा, पट्टी छताला लावून दाखवायचा, आणि ती बसायची नाही. याला काम येत नाही की करायचं नाही? मग रंग इतका सुरेख कसा जमला? आणि तिनं वर पाहिलं की तो खाली का बघतो? आणि… तो खाली बघत नसला की आपल्याला चुकल्याचुकल्यासारखं का होतं?

“वन्सं,” वहिनी भांडी पुसता पुसता म्हणाली, “तो एक तर ठग आहे, नाही तर प्रेमात पडलाय. दोन्हींत गाडी वेळेवर मिळत नाही.”

“काहीतरीच काय गं!”

“मग कान का लाल झाले?”

रविवारी सकाळी ती तणतणत गॅरेजात शिरली. उद्या रुजू व्हायचं. पट्टी गेली खड्ड्यात! तिनं गाडीचं दार उघडलं, स्टिअरिंगपाशी बसली. ‘डावी’ लिहिलेली पट्टी भिंतीला टेकून उभी होती. तिनं तिच्याकडे पाहिलं, आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं… आणि ताडकन उतरली.

“मी समोर उभी राहून लिहिलं होतं! उलटं झालंय सगळं. गाडीची डावी बाजू म्हणजे आत बसणाऱ्याची डावी, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“होतं.”

“केव्हापासून?”

“तुम्ही लिहीत होतात तेव्हापासून.”

“म्हणजे तीन दिवस खोटं बोललात!”

“खोटं नाही. उलट्या बाजूला ती खरंच बसत नव्हती.”

“मग सुलट लावून का नाही पाहिलीत?”

“लावली असती तर…” त्यानं पुन्हा खाली पाहिलं. “तर बसली असती.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्याच वेळी घशाशी हसू आलं. आता यातलं खरं कुठलं?

“बसवा,” ती म्हणाली.

दहा मिनिटांत टक् टक् करत क्लिपा बसल्या.

“आत बसा. वरून पाणी सोडतो. गळलं तर सांगा.”

पाईपचं पाणी छतावर कोसळू लागलं. काचा पुसट झाल्या, काचेपलीकडचा तोही. ती कडेकडेनं नजर फिरवत होती… एक थेंब नाही. आता ‘ठीक आहे’ म्हणायचं, किल्ली फिरवायची, निघायचं. तिनं काचेवर टकटक केली.

“गळतंय?” तो धावत आला.

“आत येऊन बघा.”

पाईप छतावरच टाकून तो शेजारी बसला. दोघंही वर बघत राहिले.

“कुठे गळतंय?”

“कुठेच नाही.”

“मग…?”

“मला तुमचा राग आलाय. उद्या जायचंय. आणि… मला काही म्हणजे काही कळत नाहीये.”

“मलाही नाही,” तो हलकेच म्हणाला. “तुम्ही गेलात की उद्या पाच वाजता मी दाराकडे बघणार. मला आपलं तेवढंच कळतंय.”

पाणी ताशासारखं वाजत होतं.

“तिथली शाळा रविवारी बंद असते,” ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. “पण गाडीचं निमित्त काढून यायचं नाही. सरळ सांगून यायचं.”

“काय सांगून?”

“ते तुम्ही ठरवा. आत्ता म्हणून बघा.”

या वेळी त्यानं खाली पाहिलं नाही. “तुम्हाला… भेटायला येऊ?”

“या,” ती म्हणाली.

बाहेर पाईप छतावरून घसरून अंगणभर पाणी करत होता. नळ बंद करायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.